खालचे दोन बोल्ट

अतुल ओव्हाळ त्या दिवशी कुरवंड्याला निघाला तो फक्त एक पिशवी पोचवायला. पिशवीत एक रेनकोट, स्टीलचा डबा, कंगवा आणि झिजलेल्या चपला, एवढाच ऐवज. सामान केरबा गायकवाडचं. केरबाला जाऊन सात महिने झाले होते, पण आंबीच्या कारखान्यातलं त्याचं कपाट उघडायला कुणी धजत नव्हतं. शेवटी नवा माणूस रुजू व्हायची वेळ आली, तेव्हा मॅनेजर सुश्रुत देवधरांनी अतुलला बोलावून सांगितलं, की तुमचं त्यांच्या घरी जाणंयेणं आहे, तुम्हीच ते देऊन या.

जाणंयेणं होतं, हे खरं. केरबा पन्नाशीचा, अतुल त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. पण अतुल इन्स्पेक्टर आणि केरबा मेकॅनिक, म्हणून केरबाच त्याला साहेब म्हणायचा. कारखाना विमानांची इंजिनं दुरुस्त करणारा. मोठ्या विमानांची नव्हे; कंपन्यांचे मालक आठ-दहा माणसं घेऊन हिंडतात, त्या छोट्या जेटची. त्यांत कोण बसतं, कुठं जातं, याची इथं कुणी चौकशी करत नाही. इंजिन पेटीतून येतं आणि पेटीतून जातं.

गेल्या वर्षी त्यातल्या एका जातीच्या इंजिनांबद्दल सक्तीचा आदेश आला. इंजिनाच्या पोटाखालून इंधनाची एक नळी जाते, ती थरथरून चिरते आणि तापलेल्या भागावर इंधन उडून आग लागू शकते, असं आढळलं होतं. तेव्हा नळीला धरणारी जुनी पट्टी काढा, नवी जाड पट्टी सहा बोल्टांनी बसवा, नाहीतर विमान उडवायचं नाही. प्रत्येक बोल्टच्या डोक्यात बारीक भोक असतं. त्यातून तार ओवून पीळ घालायचा, म्हणजे बोल्ट सैल होत नाही. हा पीळ म्हणजे मेकॅनिकचं हस्ताक्षरच. केरबा डावखुरा, त्यामुळे त्याचा पीळ उलटा पडायचा. सहापैकी खालचे दोन बोल्ट अशा अडचणीत, की नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत. लांब दांडीचा छोटा आरसा आत घालून ते बघायचे आणि मगच इन्स्पेक्टरनं कामाच्या कार्डावर आपला शिक्का मारायचा.

आता खरं सांगायचं तर अतुल आरसा लावायचा नाही. पहिल्या इंजिनाला लावला, दुसऱ्याला लावला, मग सोडून दिला. केरबाच्या कामात खोट निघायची नाही, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. केरबाला मात्र हे पटत नसे. काम झालं की तो आरसा फडक्यानं स्वच्छ पुसून पुढं करायचा, अतुल हसून तो बाजूला ठेवायचा आणि ठप्पकन शिक्का मारायचा.

सातव्या इंजिनाच्या वेळी गोष्ट बिघडली. जानेवारीतली संध्याकाळ होती. चार बोल्ट बसले होते. केरबा म्हणाला, खालचे दोन सकाळी टाकतो, मग तुमी बघून घ्या. पण कार्डाची प्रत पाचच्या आत मुंबईला पाठवायची होती. काम सकाळी होणारच आहे म्हणून अतुलनं सहाही रकान्यांत शिक्के मारले. केरबा कार्डाकडे बघत राहिला. घरी जाताना कुरवंड्याच्या चढाला पर्यटकांच्या एका गाडीनं त्याच्या मोटारसायकलला उडवलं. दुसऱ्या दिवशी अतुल अंत्यविधीला गेला. इकडे कारखान्यातल्यांनी कार्डावरचे सहा शिक्के पाहिले, आणि इंजिन पेटीत घालून रवाना केलं.

अतुलला हे आठवलं नव्हतं असं नाही. आठवड्याभरानं आठवलं होतं. पण कुणीतरी बसवले असतील अशी त्यानं मनाची समजूत घातली, आणि अशी समजूत एकदा पटली की माणूस तिला पुन्हा हात लावत नाही. आज कपाट उघडलं तेव्हा वरच्या फळीवर एक सीलबंद पाकीट मिळालं. आत दोन बोल्ट. पाकिटावर केरबाचं अक्षर : सात नंबर, खालचे.

ते पाकीट आता अतुलच्या खिशात होतं. निघण्यापूर्वी त्यानं त्या विमानाच्या इंजिनिअरला फोन करून, सहज विचारल्यासारखं, विमान कुठं आहे ते विचारून घेतलं होतं. विमान पुण्यात होतं. उद्या सकाळी नऊ माणसं घेऊन उडणार होतं. खरं बोलला असता तर तिथल्या तिथं थांबलं असतं. पण मग बावीस वर्षांचा शिक्का गेला असता, वर पोलीस चौकशी. सात महिने उडतंय ना, मग उद्याही उडेल, असं म्हणत तो गाडी चालवत होता, आणि आपणच आपल्याला असं काही सांगतोय याची त्याला लाज वाटत होती.

लोणावळा मागं पडलं तसं धुकं उतरलं. श्रावणातलं कुरवंड्याचं धुकं म्हणजे साडेचारलाच दिवेलागण. रस्त्याच्या दोन्ही कडा नाहीशा झाल्या. गाडीच्या दिव्यात ओलं गवत तेवढं दिसे. केरबाचं घर गावाच्या टोकाला, त्यापुढं नुसता कडा.

केरबाची बायको हिरा दारातच उभी होती. जयभीम झाला. तिनं पिशवी घेतली, रेनकोटावरून हात फिरवला आणि तो खुंटीला अडकवला, नवरा आत्ता बाहेरून आल्यासारखा. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, शेजारी केरबाचा फोटो. फोटोला हार नव्हता. घरात ती एकटीच राहत होती. तिनं चहा टाकला आणि चटईवर कप मांडले. तीन कप.

"तिसरा कुणाला, वहिनी?"

"त्यास्नी. पाचला येत्यात."

अतुलला वाटलं, एकटेपणानं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.  तिनंच सांगायला सुरुवात केली, भाजीपाल्याचं बोलावं इतक्या साध्या आवाजात. सकाळी आठला जातात, पाचला येतात. दिसत नाहीत. दार वाजत नाही. पण आल्याचं कळतं, बोललेलं ऐकू येतं.

"आमी भूतबित मानत न्हाई, भाऊ. तुमास्नी ठाव हाय. मी बी आदी म्हनलं, आपलंच डोकं फिरलं. पन सकाळी झाडताना हे घावतं."

तिनं फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून त्याच्यापुढं ठेवला. डबा तारेच्या तुकड्यांनी काठोकाठ भरला होता. अतुलनं एक तुकडा उचलला. तार विमानातलीच होती. तापून निळी-काळी पडलेली, मधोमध तुटलेली. आणि पीळ उलटा. त्यानं दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. सगळे उलटे. 

"रोज तुटती म्हनं तार," हिरा म्हणाली. "लय तापती तितं. रोज नवी बांदायची... बोटं पार चिरल्यात त्यांची."

"आणखी... काय म्हणतो?"

हिरानं कपात चहा ओतला. "दुसरं काय न्हाई. एवढंच म्हनत्यात... साहेबांनी अजून बघितलं न्हाई."

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजायला आले होते. बाहेरचा थोडाफार उजेडही धुक्यानं गिळला. आणि तेव्हा अतुलला आवाज ऐकू आला. क्रर्र... क्रर्र... तार पिळायची पक्कड ओढली की ती गरकन फिरते, तिचा आवाज. बावीस वर्षं ऐकलेला. आधी कड्याच्या बाजूनं, मग अंगणातून, मग उंबऱ्याशी. दार बंदच होतं. जळक्या रॉकेलचा उग्र वास घरात शिरला.

"आले," हिरा हळूच म्हणाली, आणि चटईवर जागा करून जराशी सरकली.

अतुलची मान वळेना. तो तिसऱ्या कपाकडे बघत होता. कप हलला नाही. पण पांढऱ्या काठावर एक काळा तेलकट ठसा उमटला. अंगठ्याचा. त्यावर बारीक, आडव्या, ताज्या चिरा होत्या. मग दुसरा ठसा उमटला. शेजारून कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता, दिवसभर वाकून काम केलेल्या माणसाचा, दमलेला. अतुलला भीती वाटली, आणि भीतीहून जास्त असं काहीतरी वाटलं, ज्यानं त्याचे डोळे भरून आले.

त्याच्या गुडघ्याला काहीतरी गार लागलं.

लांब दांडीचा आरसा. दांडीवर कारखान्याचा नंबर कोरलेला. सकाळीच अतुलनं तो आंबीत, आपल्या जागी टांगलेला पाहिला होता. काच स्वच्छ पुसलेली होती.

"बघतो," अतुल म्हणाला.  "केरबा... बघतो मी."

तो तसाच उठला आणि आरसा हातात घेऊन बाहेर पडला. गावात रेंज नसते. चढावरच्या वळणाला, जिथं केरबा पडला होता तिथंच, मोबाइलला रेंज येते. अतुलनं तिथं उभं राहून देवधरांना सगळं सांगितलं. पाकीट, शिक्के, सात महिने, सगळं. आरशाचं तेवढं सांगितलं नाही.  देवधर एवढंच म्हणाले, की मी विमान थांबवतो, तुम्ही आधी इकडे या.

रात्री विमानतळावर इंजिनाचं झाकण उघडलं. देवधर मागं उभे होते. अतुलनं बॅटरी धरली आणि आरसा आत घातला. वरचे चार बोल्ट जागेवर होते, त्यांच्या तारा काळवंडलेल्या. खालच्या दोन भोकांत बोल्ट नव्हते.

बोल्ट नव्हते, पण भोकं रिकामीही नव्हती. दोन्हींतून तार ओवली होती, पट्टीला आणि नळीला घट्ट आवळून, उलटा पीळ घालून. नवी कोरी, चकचकीत तार, आजच बांधल्यासारखी. नुसत्या तारेनं ती पट्टी एक उड्डाणसुद्धा धरली नसती. नळी घासून कागदाएवढी उरली होती. देवधरांनी आरशात पाहिलं, घाम पुसला आणि विचारलं, हे कुणी केलं? विमानाचा इंजिनिअर शपथेवर सांगत होता, की हे झाकण सात महिन्यांत उघडलेलं नाही.

नवी नळी आली. पाकिटातले दोन बोल्ट अतुलनं स्वतःच्या हातानं बसवले, तार घातली, आरशात तीनदा पाहिलं. तारेवर कुठंकुठं तांबडं काही लागलं होतं, ते त्यानं कुणाला न दाखवता पुसून घेतलं.

शिक्का गेला. चौकशी संपेपर्यंत त्याला गोदामात बसवलं, इंजिनांच्या पेट्या ठोकून बंद करायच्या कामाला. त्याच्या जागी तेजल रोकडे म्हणून एक मुलगी आली, नाशिकहून नुकतीच परीक्षा पास झालेली, हुशार, कामसू. अतुलला त्याचं वाईट वाटलं नाही. नऊ माणसं जिवंत होती आणि एक मेलेला माणूस सुटला होता. इतकी गाढ झोप त्याला सात महिन्यांत लागली नव्हती.

महिन्याभरानं तो हिराला हे सांगायला गेला. ऊन पडलं होतं, कड्याखालचं कोकण स्वच्छ दिसत होतं. त्यानं सगळं सांगितलं, आपला गुन्हासुद्धा. हिरा ऐकून रडली. मग म्हणाली, मला ठाऊक होतं. तुम्ही गेल्यावर त्या रात्री उशिरा ते पुन्हा आले, किती तरी वेळ साबणानं हात धुवत होते, पाण्याचा आवाज येत होता. त्यानंतर आले नाहीत. घर लई मोठं वाटायला लागलं, भाऊ, असं म्हणून तिनं पदरानं तोंड पुसलं आणि चहा आणायला उठली.

तिनं कप मांडले. तीन.

"वहिनी, आता कुणाला?"

"परवाधरनं परत जायला लागलेत."

"नाही, वहिनी. झालं ते काम. मी स्वतः बघितलं. आरसा लावून बघितलं."

"व्हय. सात नंबर झाला म्हनले. साहेबांनी बघितलं म्हनले." हिरानं बशी सरळ केली. "ह्यो बारा नंबर हाय."

 बारा नंबरचं इंजिन केरबा गेल्यावर सहा महिन्यांनी कारखान्यात आलं होतं. मंगळवारी त्याची पेटी अतुलनंच ठोकून बंद केली होती. कार्डावर सहा शिक्के होते. आज शुक्रवार. म्हणजे ते विमानाला लागलं असणार. त्यानं खिशातून फोन काढला. रेंज नव्हती.

हिरा त्याच्याकडे बघत होती. तिला त्या कारखान्यातलं नवऱ्याखेरीज आणि अतुलखेरीज कुणी ठाऊक नव्हतं.

"भाऊ," तिनं विचारलं, "ह्या तेजलबाई कोन वो?"