शेवटचं निरोगी डोकं

"खिसे रिकामे करा," गणितवालीने सांगितलं, तसे समोरच्या माणसाने ट्रेमध्ये मूठभर बारीक स्क्रू, दोन चिमटे आणि एक स्प्रिंग ओतली. तो घड्याळं दुरुस्त करायचा.

"एवढं लोखंड घेऊन एमआरआय मशीनच्या खोलीत गेला असतात तर...!"

"मशीनने मला ओढून घेतलं असतं?"

"स्क्रूंना. तुमच्यात ओढण्यासारखं काही नाही," ती म्हणाली, आणि तिने जीभ चावली.

गणितवाली हे तिला हॉस्पिटलने दिलेलं नाव. ती रुग्ण तपासत नसे. मेंदूच्या प्रतिमांवर गणितं मांडून, नैराश्याच्या कोणत्या रुग्णाला कोणतं औषध लागू पडेल याचा अंदाज बांधत असे. तुलनेसाठी निरोगी मेंदू लागत. हा शेवटचा, आणि तो मिळवताना तिच्या नाकी नऊ आले होते.

स्कॅनभर ती काचेपलीकडून बोलत राहिली. "डोळे मिटा... आता उघडा. झोपलात की काय?"

"तुमचा हा आवाज ऐकत झोपायला माणूस ठार बहिरा हवा."

तिला राग यायला हवा होता. आला नाही.

बाहेर येताच त्याने विचारलं, "कसं आहे डोकं?"

"छान. अगदी कंटाळवाणं छान."

"मग... चहा?"

अभ्यासातल्या माणसाशी ओळख वाढवायची नाही, असा नियम होता. आपल्या माणसाचं गणित मांडताना हात सैल पडतो. ओळख वाढली की त्याचा स्कॅन बाद.

"वर्षभराने पुन्हा स्कॅन आहे. त्यानंतर विचारा."

"वर्षभर?" तो स्क्रू गोळा करू लागला. "घड्याळं दुरुस्त करतो म्हणून मला धीर असेल, असं वाटलं होय तुम्हाला?"

तो दारापर्यंत गेला. तिने विभागप्रमुखांना फोन लावला.

"मोठ्या मॅडम, आत्ताचा स्कॅन बाद करा."

"का? डोकं हललं त्याचं?"

"नाही. स्कॅन स्वच्छ आहे. पण... मला तो माणूस आवडलाय."

"अगं, किती वणवण केलीस त्या एका डोक्यासाठी!"

"पुन्हा करीन."

तिने फोन ठेवला. तो दारातच उभा होता, कानापर्यंत लाल.

"म्हणजे मी काही कामाचा नाही?"

"शास्त्राच्या नाही," ती पर्स उचलत म्हणाली.

उद्यापासून पुन्हा दारोदार फिरणं आलं. त्याचं तिला वाईट वाटलं नाही, असं नाही. पण त्याने दार धरून ठेवलं होतं, आणि ती बाहेर पडली.