पहिला प्रश्न सोपा

"पेन्सिल नाही आणली? परीक्षेला आलात की लग्नाला?"

शेवटच्या बाकावरचा चष्मेवाला कावराबावरा झाला. भौतिकशास्त्राच्या मॅडमनी स्वतःची पेन्सिल त्याच्यापुढे ठेवली, पेपर सरकवला आणि पुढे गेल्या.

पेपर गोळा करताना तिला कळलं, हा विद्यार्थी नव्हेच! प्रवेशपरीक्षेच्या या क्लासमध्ये नवा लागलेला माणूस... सराव परीक्षांच्या गुणांवरून खऱ्या निकालाचा अंदाज बांधणारा. बिचारा नुसता वर्ग बघायला आला होता. आणि सोडवला होता फक्त पहिला प्रश्न.

"बाकीचे?" तिने हसू दाबत विचारलं.

"तुम्ही समोर उभ्या होतात..." म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

मुलांनी त्याचं नाव ठेवलं भाकीतबुवा. त्या दोघांचं वाजायचं ते एकाच गोष्टीवरून. प्रत्येक सराव पेपरात ती पहिला प्रश्न अगदी सोपा घालायची.

"खऱ्या पेपरात असे लाड नसतात हो! माझा अंदाज फुगतो त्यानं."

"फुगू दे. पेन हललं की डोकं हलतं."

हे ती अनुभवानं बोलत होती. सरावात सदा पहिली येणारी ती, खऱ्या परीक्षेत पाचावर धारण बसून कोरा पेपर देऊन आली होती. कुणालाच सांगितलं नव्हतं तिनं. एकदा चहा पिताना त्याला मात्र सांगून टाकलं. तो हसला नाही, की उपदेश केला नाही. तिचा गार झालेला चहा तेवढा बदलून आणला. झालं, तिथंच बाईसाहेबांचा निकाल लागला!

पण हा पठ्ठ्या काही बोलेल तर शपथ. आणि निकालाच्या दुसऱ्याच दिवशी तर तो निघणार होता... दुसऱ्या शहरात, मोठ्या नोकरीवर.

निकालाच्या दिवशी ती जिना चढली, तर रिकाम्या वर्गातून त्याचा आवाज.

"तुम्ही मला फार आवडता. पहिल्या दिवसापासून. ती पेन्सिल अजून माझ्याकडेच आहे..."

समोर नुसते बाक! ती दाराआड थबकली. अरे वा, सरावात तर पैकीच्या पैकी! तिने मुद्दाम चपला वाजवल्या आणि आत गेली.

"ते... अंदाज जवळजवळ सगळे बरोबर आले," तो म्हणाला. "एकच चुकला. आपल्या वर्गातली ती, पेपर हातात आला की थरथर कापणारी मुलगी... मी धरले होते त्याहून कितीतरी जास्त गुण मिळाले तिला. म्हणते, पेपर उघडून आधी सोपा प्रश्न शोधला, मॅडमच्या पेपरात असतो तसा. हरलो मी."

"एवढंच?"

"हो. म्हणजे नाही. म्हणजे—" आणि बसली दातखीळ!

हे गप्प होणं तिच्या चांगल्याच ओळखीचं होतं. तिला त्याची इतकी माया आली! आता रुसून निघून गेलं, तर जन्मभर दोघांनी हळहळत बसायचं. ती समोरच्या बाकावर बसली.

"चहा घेणार?"

"हो."

"साखर?"

"एक चमचा."

"उद्या जाणार?"

"जावं लागेल."

"परत येणार?"

"दर रविवारी."

"कुणासाठी?"

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तुमच्यासाठी," तो म्हणाला. "बाकीचं विसरलो बघा. इतकं पाठ केलं होतं..."

"ऐकलंय मी ते सगळं." तिचे डोळे भरले होते आणि हसू आवरत नव्हतं. "आता माझी पेन्सिल द्या."

त्याने खिशातून काढून पुढे केली. तिने ती धरली, आणि त्यानेही सोडली नाही.