बॅटरी काढल्यानंतरचं रेकॉर्डिंग

हे घडलं तेव्हा रात्र नव्हती, वादळ नव्हतं, आणि मी दारूचा थेंबही घेतला नव्हता. आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या गल्लीने हे तिन्ही प्रश्न मला विचारून झालेत.

भरदुपार होती. मंगळवार, नऊ मे. क्युबाच्या उत्तर किनाऱ्यावरचं कायबारियेन गाव. माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल.

ज्याला खरं वाटत नसेल त्याने पुढे वाचू नये. मला वाद घालायचा नाही. मला हे फक्त कुणाला तरी सांगून टाकायचंय.

मी इदानिया. चौदा वर्षं घरातच मोबाइल दुरुस्त करते. पाण्यात पडलेले, ट्रकखाली आलेले, नवऱ्याच्या डोक्यावरचा नेम चुकून भिंतीवर फुटलेले... सगळे माझ्याकडे येतात. आमच्याकडे फोन टाकून कुणी देत नाही. एकाचा स्क्रीन दुसऱ्याला, दुसऱ्याची बॅटरी तिसऱ्याला. माझ्या टेबलाचा एक अख्खा खण बंद पडलेल्या फोनांनी भरलाय. त्यांचे भाग काढून मी बाकीचे जगवते.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आता काय म्हणू, कळत नाही.

त्या दिवशी पहाटेपासून वीज नव्हती. तीन-सव्वातीनला येईल आणि तासाभरात पुन्हा जाईल, असं सगळे म्हणत होते.

एकच्या सुमाराला झोराइदा दारात उभी राहिली. माझी शेजारीण, शाळेपासूनची मैत्रीण. हातात गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी. पिशवीत पाणी. पाण्यात फोन.

तिच्या मुलाचा. योएल्बिसचा.

योएल्बिस बावीस वर्षांचा. पाच दिवसांपूर्वी तिघा मित्रांबरोबर तराफ्यावरून अमेरिकेच्या दिशेने निघून गेला होता. ट्रकच्या ट्यूब, त्यावर फळ्या, वर एक ताडपत्री. आईला एका शब्दाने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी फळ्या किनाऱ्याला लागल्या.

माणसं लागली नाहीत.

"एबेलिओच्या जाळ्यात आला हा फोन," झोराइदा म्हणाली. एबेलिओ आमच्या गल्लीतला कोळी. "त्याच्याकडे एका फेरीपुरतं डिझेल आहे. एकाच, इदानिया. पुढचं कधी मिळेल देव जाणे. आणि बेटं शंभर. कुठल्या बेटावर जायचं ते तू सांग."

"मी कुठून सांगू?"

"फोन सांगेल ना. शेवटचा फोटो, नकाशा, काहीतरी असेल आत. तू उघड तो. आत्ता उघड."

पाच दिवस तिच्या पोटात कॉफीशिवाय काही गेलं नव्हतं. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाने उंच फळीवर पाण्याचा पेला ठेवतात. गल्लीतल्या दोघी तिला म्हणाल्या होत्या, ठेव गं आता. तिने दोघींना घराबाहेर काढलं होतं.

मी दाराजवळच्या उजेडात टेबल ओढलं आणि फोन खोलला.

ओल्या फोनची पहिली गोष्ट म्हणजे बॅटरी काढायची. नाहीतर आतलं सगळं जळतं. मी तिचं टोक सोडवलं, फुगलेली बॅटरी उचलली आणि खिडकीत ठेवली. माझ्या या हातांनी.

"किती वाजले?" झोराइदाने विचारलं.

"एक वीस."

हे लक्षात ठेवा. बॅटरी खिडकीत. फोन टेबलावर, उघडा.

मग मी स्पिरिट आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन मीठ घासायला बसले. पंखा बंद. रेडिओ बंद. गल्लीत चिटपाखरू नाही. झोराइदा समोरच्या डुलत्या खुर्चीत बसून बोलत होती. गप्प बसली असती तर तिला वेड लागलं असतं.

"मीच बोलले त्याला," ती म्हणाली. "दिवसभर छताकडे काय बघतोस, म्हटलं. जायचंय तिकडे जा, म्हटलं. माझी जीभ झडत का नाही?"

"सगळ्या आया असंच बोलतात. तो ऐकणारा होता का? माझ्या कोंबड्या फळीवर बसवून डबक्यात सोडल्या होत्या त्याने. सात वर्षांचा असताना!"

तिला हसू आलं. हसता हसता रडायला लागली.

आणि मध्येच थांबली.

"काही म्हणालीस?"

"नाही."

"मला वाटलं..."

मी ब्रश चालवत राहिले. टेबल ओलं झालं होतं. मी पुसलं. थोड्या वेळाने पुन्हा ओलं. एका फोनात मावून मावून पाणी मावणार किती? मी तिसऱ्यांदा फडकं पिळलं, तेव्हा टेबलाखाली झोपलेली माझी कुत्री उठली. फोनकडे बघत मागे मागे सरकली... आणि दारातून निघून गेली. भर उन्हात.

"भूक लागली असेल गं त्याला," झोराइदा म्हणत होती.

तीन वाजून गेले. वीज आली की एक मिनिटही वाया घालवायचं नव्हतं, म्हणून मी पुढची तयारी करून ठेवली. फोनच्या खालच्या बाजूला एक पट्टी असते. चार्जिंगची जागा तिच्यावर, माईकही तिच्यावरच. दुसरीकडचा कारागीर जुनी पट्टी आधी तपासून बघेल. आमच्याकडे तपासायला वीज कुणाच्या बापाची? आम्ही सरळ बदलून टाकतो.

"कुठे आहेस रे, राजा?" झोराइदा त्या उघड्या फोनकडे बघून म्हणाली. "एकदा सांग ना मला."

मी शेवटचा स्क्रू फिरवला आणि जुनी पट्टी उपटली.

खट्.

खणातल्या एका जुन्या फोनची पट्टी तिथे बसवली.

तीन वीसला वीज आली. अख्खी गल्ली नेहमीसारखी ओरडली, "आलीऽऽ!" पंखा गरगरला. मी खणातलीच एक बॅटरी जोडली आणि श्वास रोखून बटण दाबलं.

फोन सुरू झाला! झोराइदाने माझा दंड इतका आवळला की चार दिवस वळ होता. कुलूप त्याच्या जन्मतारखेचं होतं, ते तिला ठाऊक होतं. शेवटचा फोटो किनाऱ्यावरचा. चौघं दात काढून हसतायत. नकाशावर काहीच नाही.

आणि मग वरच्या कोपऱ्यात एक ओळ आली...

रेकॉर्डिंग जतन झालं आहे.

तारीख आजची. सुरुवात एक वीस. शेवट तीन बारा.

"घड्याळ बिघडलं असेल," मी म्हटलं. बॅटरी खिडकीतच होती. मी वळून दोनदा बघितलं.

मी बोट लावलं.

आधी खरखर. मग माझाच आवाज... "एक वीस."

मग ब्रशचा आवाज. डुलत्या खुर्चीचा आवाज. मग झोराइदा. मीच बोलले त्याला. माझी जीभ झडत का नाही?

मग थोडी शांतता.

मग अगदी जवळून, माईकला ओठ लावल्यासारखं...

"तुझ्यामुळे नाही गं, आई."

रेकॉर्डिंग चालूच होतं. मी कोंबड्यांची गोष्ट सांगत होते, आणि तो थकलेल्या आवाजात मध्येच म्हणाला, "कोंबड्या नाही, इदानिया. एकच कोंबडी होती."

एकच होती. खरंच एकच होती. गोष्ट रंगवायला मी वाढवून सांगते. हे मला आणि त्याला सोडून कुणाला माहीत नव्हतं.

"काही म्हणालीस?" रेकॉर्डिंगमधली झोराइदा विचारत होती. "मी बोललो आई, मी," तो म्हणत होता. आणि रेकॉर्डिंगमधली मी म्हणत होते, "नाही."

जवळजवळ दोन तास. आमच्या प्रत्येक वाक्याला त्याने उत्तर दिलं होतं. आधी हळू, मग जोरात, मग रडून ओरडून. आम्ही हातभर अंतरावर बसलो होतो. आम्हाला एक अक्षर ऐकू आलं नाही.

"भूक लागली असेल गं त्याला..."

"भूक नाही. पाणी, आई. पाणी. रात्री लाल दिवा दिसतो मला. पाय हलत नाही. कुणाला तरी पाठव."

"बघ, आहे तो!" झोराइदा किंचाळली. "जिवंत आहे! पुढे ने, पुढे ने!"

मी पुढे नेलं. थेट शेवटावर.

"कुठे आहेस रे, राजा? एकदा सांग ना मला."

तो जोरात श्वास घेताना ऐकू आला. स्वतःला सावरल्यासारखा.

"सांगतो. नीट ऐक हं, आई. एबेलिओला सांग, ज्या बेटावर आपण..."

खट्.

संपलं.

"पुढे?" झोराइदा म्हणाली. "पुढचं लाव ना."

"पुढे नाही."

"हा खट् कसला आवाज झाला?"

मी तिच्याकडे बघितलं. चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण माझी.

"रेकॉर्डिंग तिथेच संपतं," मी म्हटलं.

एबेलिओला ऐकवायला निघालो तर फोन पुन्हा सुरूच झाला नाही. आम्ही तोंडानेच सांगितलं. त्याने छातीवर क्रॉसची खूण केली आणि काही न विचारता बोट काढली. दीपगृहाचा लाल दिवा दोन बेटांवरून दिसतो. त्याने जवळचं धरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिकाम्या हाताने परत आला, तो बोटीतून उतरायलाच तयार होईना.

पुढचं डिझेल एकोणीस दिवसांनी मिळालं. तेव्हा तो दुसऱ्या बेटावर गेला. तिथे खारफुटीच्या फांद्यांना चार टोकांनी बांधलेला एक शर्ट होता, पावसाचं पाणी धरायला बांधतात तसा. झोराइदाने शर्ट ओळखला. कॉलर तिनेच शिवली होती.

माणूस नव्हतं. कुठेच काही नव्हतं.

तो त्या दुपारी जिवंत होता का? मला माहीत नाही. जिवंत माणूस बॅटरी नसलेल्या फोनातून बोलत नाही. पण मेलेला माणूस पाणी कशाला मागेल?

जुनी पट्टी मी त्याच रात्री परत बसवली. बॅटरी पुन्हा खिडकीत. फोन टेबलावर, त्या दुपारी होता तसाच उघडा. मीठही नव्याने घासलं नाही.

झोराइदा रोज एकला येते. डुलत्या खुर्चीत बसते आणि फोनशी बोलते. आज भात केला होता, म्हणते. तुझी उशी उन्हात टाकली. एक वाक्य बोलते आणि थांबते. उत्तराएवढा वेळ थांबते. मग पुढचं वाक्य. कधी मान हलवते. परवा खुदकन हसली. मी भांडी घासत होते, माझ्या हातातली बशी निसटली.

"झोराइदा," मी शेवटी म्हटलं, "बॅटरी लावून बघूया. असेल काही तर ऐकू येईल तरी."

ती अशी उठली की खुर्ची मागे पडली. दोन्ही हात फोनवर पसरून उभी राहिली.

"हात लावायचा नाही! तो बोलत असेल आत्ता. मध्येच तुटेल."

मी हात मागे घेतला.

काल ती घरी गेल्यावर मी टेबल पुसायला घेतलं. फोनच्या खाली लाकूड ओलं होतं. मी फडकं बाजूला ठेवलं, तिच्या खुर्चीत बसले आणि मोठ्याने म्हटलं, "पट्टी मी काढली, योएल्बिस. मला माहीत नव्हतं रे. मला माफ कर."

आणि थांबले.

किती वेळ थांबायचं, ते मला कळेना.