टेपचं दुसरं टोक

दोष काकांचा होता. हे आधी सांगून टाकतो, कारण आमच्या घरात आजही तो माझ्या माथी मारला जातो. "याने हट्ट केला नसता तर..." असं म्हणून मोठी माणसं उसासा टाकतात आणि चहाचा कप उचलतात. उसासा टाकायला अक्कल लागत नाही.

बस, सगळं सांगतो. दिवा चालूच राहू दे.

मी आर्किटेक्चरचं कॉलेज तिसऱ्या वर्षी सोडलं. नापास झालो नव्हतो, सोडलं. आयुष्यात एकही घर न बांधलेले सर जिना कसा बांधायचा ते पिवळ्या पडलेल्या नोट्समधून वाचून दाखवायचे, ते मला ऐकवेना. बाबा म्हणाले, निदान काकाच्या ऑफिसात तरी बस. काकांचा धंदा नकाशे काढून देण्याचा, चाळीस वर्षांचा. मी गेल्यावर कॉम्प्युटरवरचं सगळं काम माझ्याकडे आलं. अख्ख्या गल्लीतल्या ऑफिसांतून अडलेल्या फायली माझ्याकडे येऊ लागल्या. कुणाचा जिना छतात घुसलेला, कुणाच्या छपराच्या दोन उतरणी एकमेकींना भेटायलाच तयार नाहीत, कुणाची खिडकी भिंतीत गडप. मी बसायचो आणि सोडवूनच उठायचो. ही बढाई आहे. पण खरी आहे.

काका मला 'अर्ध्या' म्हणायचे. अर्धा आर्किटेक्ट म्हणून. गिऱ्हाइकांसमोरसुद्धा.

काकांची एक सवय होती. आतल्या खोल्यांची मापं आणि भिंतींची जाडी यांची बेरीज बाहेरच्या मापाशी जुळली नाही, की ते म्हणायचे, "भिंतीत मुरव." म्हणजे नऊ इंचाची भिंत अकराची दाखव, फरक खपवून टाक. कागदावर ते चालून गेलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र चारही भिंती एकमेकींना नीट भिडल्या तरच खोली तयार होते. भिडल्या की फरशी आपोआप पडते, छत आपोआप येतं, मधोमध क्षेत्रफळ उमटतं. केसाएवढी फट राहिली तर काहीच होत नाही. नुसत्या भिंती उभ्या, मध्ये पोकळी. याला दमदाटी चालत नाही, नातं चालत नाही. म्हणून मला ते आवडतं.

तर त्या बाईंचं घर. बैठं, जुनं, वाकड्यातिकड्या गल्लीच्या टोकाला. बाई शाळेत शिकवायच्या. त्यांच्या वडिलांचे पाय गेले होते, ते चाकांच्या खुर्चीवर. मधला बोळ इतका अरुंद, की खुर्ची न्हाणीघराकडे वळायचीच नाही. बाई आणि शेजारचा कुणी मिळून त्यांना उचलून न्यायचे. म्हाताऱ्यांना त्याची इतकी लाज वाटायची, की त्यांनी पाणी पिणं कमी केलं होतं. बाईंनी हे सांगितलं तेव्हा त्या काकांकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. बोळ रुंद करून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं.

काकांनी मापं घेऊन आणली. मी मॉडेल उभं केलं. सगळ्या खोल्यांत फरशी पडली, बोळात पडेना. दोन भिंतींची टोकं एकमेकांपासून हातभर लांब राहत होती. मी पुन्हा जाऊन लेझरने मापलं. लेझर म्हणजे मुठीत मावणारं यंत्र, भिंतीवर लाल ठिपका टाकतं आणि अंतर मिलिमीटरमध्ये सांगतं. परत येऊन आकडे घातले. बोळात फरशी पडली. आणि बोळ आणि मागची अडगळीची खोली यांच्या मधे आणखी एक फरशी पडली. लांबट, अरुंद. सॉफ्टवेअरने तिथे आपलं आपण लिहिलं: खोली. क्षेत्रफळही लिहिलं. दार नाही, खिडकी नाही.

मी खुर्ची मागे ढकलून हसलो. सापडली होती. बोळाला हवी तेवढी जागा त्या घरातच होती, चाळीस वर्षांच्या अनुभवाला ती दिसली नव्हती.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "अरे, भिंत जाड असेल. मुरव."

"तीन फूट जाड? किल्ला आहे का तो, काका?"

"अर्ध्या, बेरजेत चुकलास म्हण आणि गप बस."

मी जेवायला गेलो तेव्हा त्यांनी माझी फाईल उघडली, दोन भिंती ओढून एक केल्या, मापाचा खरा आकडा पुसला, त्या जागी आपला टाईप केला आणि नकाशा छापून बाईंना पाठवला. 'बोळ रुंद होणे शक्य नाही.' नकाशावरचं माप पुसून हाताने दुसरं लिहिणं म्हणजे आमच्या धंद्यात खोटी साक्ष. मी सरळ बाईंना फोन केला. म्हटलं, काका खोटं बोलतायत, भिंत फोडून बघा.

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिथे जमलो. बाई, गवंडी, मी, आणि फुगलेल्या तोंडाने काका. म्हातारे पुढच्या खोलीत खुर्चीवर. फोडाफोडीसाठी वीज बंद केलेली. बाहेर रणरणतं ऊन होतं, पण त्या बोळात ते पोचत नव्हतं. मी फरशीवर मांडी घालून लॅपटॉप उघडला, पडद्याचा उजेड तेवढा भिंतीवर.

गवंड्याने पहार घातली. माणूस आडवा होऊन शिरेल एवढं भगदाड पडलं, आणि आतून वास आला. वर्षानुवर्षं कोंडलेल्या जागेला कुबट वास यायला हवा. हा ओल्या सिमेंटचा होता. आजच कालवल्यासारखा.

गवंड्याने बॅटरी मारली, डोकं आत घातलं, बराच वेळ तसाच राहिला. मग बाहेर येऊन हळूच म्हणाला, "साहेब, आतून प्लास्टर केलंय."

"मग?" काका म्हणाले.

"चारी बाजूंनी. छान घोटून केलंय. दार कुठंच बुजवलेलं नाही... मग करणारा बाहेर कुठून आला?"

बाईंनी पदर तोंडाला लावला. मी, खरं सांगतो, त्या क्षणी घाबरलो नव्हतो. माझी छाती फुगली होती. माझ्या मॉडेलने सांगितलेली खोली समोर होती.

लांबी बघायला मी भगदाडातून हात आत घालून लेझर धरला. लाल ठिपका पलीकडच्या भिंतीवर पडला. आकडा आला, स्थिर राहिला. मग एकदम उतरला. माझ्या हातापासून दीड फुटावर काहीतरी होतं. मी बॅटरी मारली. काही नव्हतं. आकडा पुन्हा पूर्ववत झाला.

"सेल गेले असतील," काका म्हणाले. "हो बाजूला. तुमची ही खेळणी..." त्यांनी कमरेची जुनी टेप काढली. इंच-फुटांची, पत्र्याची, काठ झिजलेली. "मी आत जाऊन मापतो. तुझे तीन फूट दीडसुद्धा भरायचे नाहीत. मग सगळ्यांसमोर कान धर."

साठीचा माणूस पोटावर सरपटत आत गेला. मला अडवता आलं असतं. मला ते आकडे हवे होते.

आतून आवाज यायला लागला. "लिही. लांबी साधारण अकरा फूट."

मी टाईप केलं. भिंती भिडल्या नाहीत.

"काका, साधारण नको. नेमकं सांगा."

"अरे, अकरा धर. रुंदी अडीच धर."

"बंद होत नाहीये."

"मग मुरव..." त्यांचा आवाज आत घुमला आणि तुटला.

बराच वेळ पत्र्याची टेप फरशीवरून सरकल्याचा आवाज तेवढा येत होता. सर्र... थांबे. सर्र... थांबे. मग आतून सावकाश, पुटपुटल्यासारखे आकडे यायला लागले. लांबी. समोरची लांबी. डावी रुंदी. उजवी रुंदी. एकेक आकडा मिलिमीटरपर्यंत. मी भराभर टाईप करत गेलो. चौथ्या भिंतीला अजून केसभर फट होती. मी विचारणार, एवढ्यात आतून आणखी एक आकडा आला, मी न मागता. कर्ण. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यातलं तिरकं माप. खोली काटकोनात नसेल तर तेच लागतं, आणि काकांनी ते उभ्या जन्मात कधी घेतलं नव्हतं.

मी कर्ण घातला. फरशी पडली, छत आलं, खोली बंद झाली.

"जमलं," मी ओरडलो. "काका, जमलं. एक नंबर माप दिलंत."

बोलता बोलता माझी नजर माझ्या हाताकडे गेली. लेझर माझ्याकडेच होता. आत फक्त इंचांची टेप गेली होती. तिच्यावर मिलिमीटर नव्हतेच.

"काका?"

भगदाडात आधी त्यांचे हात दिसले, मग डोकं. गवंड्याने आणि मी त्यांना ओढून काढलं. केस, भुवया, ओठ, सगळं ओल्या सिमेंटने माखलेलं. टेप आतच राहिली होती. ते भिंतीला टेकून बसले. बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"मी बोललोच नाही," ते म्हणाले. इतक्या हळू, की मला कान त्यांच्या तोंडाजवळ न्यावा लागला. "अडीच धर म्हणालो... नंतर बोललोच नाही. मी नुसता टेप धरून उभा होतो. इकडचं टोक माझ्या हातात होतं."

"मग?"

"दुसरं टोक कोणी धरलं होतं रे? ओढत होतं... मी सैल सोडली की ओढून ताठ करत होतं. माप चुकायला नको म्हणून..."

त्यांनी मला अर्ध्या म्हटलं नाही. पहिल्यांदाच.

गवंडी त्याच क्षणी सामान टाकून निघून गेला. बाईंनी मात्र माघार घेतली नाही. चार दिवसांनी दुसरा गवंडी आणला आणि दोन्ही भिंती मुळापासून पाडल्या. काकांची टेप सापडली नाही. मी राडारोडा चाळून पाहिला. मग फरशीवर राहिलेल्या भिंतींच्या खुणांवरून, माझ्या हाताने, माझ्या लेझरने पुन्हा मापलं. कर्णासकट प्रत्येक आकडा मॉडेलशी जुळला. एका मिलिमीटरचा फरक नाही. असं काम शहरात दुसरं कुणी केलेलं नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. मोठ्यांनी हवा तेवढा उसासा टाकावा.

बोळ आता ऐसपैस आहे. मी मुद्दाम बघायला गेलो होतो. म्हाताऱ्यांची खुर्ची एका झटक्यात वळते. ते आता स्वतः जातात, स्वतः येतात, भरपूर पाणी पितात. बाईंनी मला खुर्चीत बसवून चहा दिला, मुलासारखं कौतुक केलं. तेवढ्यात म्हातारे बोळातून आले. मधोमध त्यांनी चाकं थांबवली, कोपर आत घेतलं, एका कडेला झाले आणि मान लववून म्हणाले, "जा, तुम्ही आधी जा." मग जरा थांबून पुढे आले.

"रोज असंच करतात," बाई म्हणाल्या. "डोक्याने अगदी नीट आहेत हो."

त्यांनी कप माझ्या हातातून घेतला आणि विसळायला गेल्या.

ऑफिस आता मी चालवतो. काका येत नाहीत. ते घरातही येत नाहीत. काकू त्यांचं ताट अंगणात नेऊन देते. पावसात ते गल्लीच्या तोंडाशी छत्री धरून उभे असतात, पडवीतसुद्धा येत नाहीत. चार भिंती दिसल्या की त्यांच्या हाताला ओढ बसते, असं ते सांगतात. चाळीस वर्षं लोकांची घरं काढलेल्या माणसाला आता कुठल्याच घरात राहता येत नाही.