पारीच नाही, तर सारण कशात भरणार?

तूप खाल्लं की मूल बाळसं धरतं, हे शाल्मलीच्या घरात लहानथोर सगळ्यांना ठाऊक. मग तिचा दहा महिन्यांचा भाऊ निषाद तूप खाऊन वाळत का चालला होता? पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय काड्या!

त्यात आज दवाखान्याने पाठवलेल्या चिमण नावाच्या यंत्रमानवाने तुपाचा डबाच कपाटात कोंडला.

"उघड!" शाल्मलीने पाय आपटला. "माझ्या भावाला उपाशी मारतोस काय रे, पत्र्या?"

"तुपानेच उपाशी राहिलाय तो," चिमण शांतपणे म्हणाला. "तपासणीचा निकाल आलाय. बघ."

निषादच्या पोटात सोडलेल्या मोहरीएवढ्या कॅमेऱ्याचं चित्र भिंतीवर उमटलं. आतड्याचं अस्तर चुना फासल्यासारखं पांढरंफटक!

"हे काय?"

"अडकलेलं तूप. मला सांग, रक्त पाणीदार असतं. पाण्यात तूप मिसळतं?"

"तरंगतं! आमटीवर रोज दिसतं. मुद्द्यावर ये!"

"म्हणून आतडं युक्ती करतं. पित्तरस तुपाचे बारीक थेंब करतो, पाचकरस त्यांचे तुकडे करतात. ते अस्तरातल्या पेशींत (शरीराच्या इवल्याशा विटांत) शिरतात. पेशी तुकडे पुन्हा जोडते, त्यात थोडं कोलेस्टेरॉल (मेणासारखा स्निग्ध पदार्थ) घालते आणि भोवती प्रथिनाचं वेष्टन चढवते. हा झाला कायलोमायक्रॉन (पाण्यात तरंगत जाणारी स्निग्ध गोळी). लसीकावाहिन्यांतून (पांढुरका द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांतून) तो रक्तात पोचतो. निषादच्या पेशींना ते वेष्टन जन्मापासूनच बनवता येत नाही. म्हणून तूप तिथेच साचतं आणि बाकीचं अन्नही नीट अंगी लागत नाही."

शाल्मली कपाटापासून मागे सरली. डॉक्टरांनी तूप बंद करायला सांगितल्यावरही आईची नजर चुकवून रोज दोन चमचे कोण घालत होतं? ती आणि मालूआत्या!

तेवढ्यात आत्या आलीच, हातात वाटी. "आण गं बाळाला. मऊ भात केलाय, वर तुपाची धार. दृष्ट लागलीय त्याला, दुसरं काही नाही."

"ठेव ती वाटी, आत्या!"

"अगंबाई, केवढा आवाज! कालपर्यंत तूच डबा पळवून आणत होतीस ना?"

"हो, चुकलेच मी! म्हणून तर संताप होतोय!" शाल्मलीचे डोळे भरून आले, पण आवाज खाली येईना. "अख्ख्या कॉलनीचे मोदक वळतेस ना तू? मग सांग, पारीच नसेल तर सारण कशात भरशील?"

"कशात भरणार? मोदकपात्रात पसरेल सगळं."

"तेच झालंय याच्या पोटात! आणि आपण दोघी सारण वाढवत बसलो!"

आत्याने भिंतीकडे पाहिलं. मग निषादच्या काड्यांसारख्या हातपायांकडे. वाटी तिने स्वतःच दूर सारली. "मग खायचं काय गं या लेकराने?"

"काही तेलांचे कण आखूड असतात," चिमण म्हणाला. "ते वेष्टनाशिवाय थेट रक्तात उतरतात. ते तेल मी मोजून आणलंय. शिवाय 'अ' आणि 'ई' जीवनसत्त्वं. ती एरवी स्निग्ध गोळीत बसूनच जातात, म्हणून याला वेगळी."

दुसरा भात आत्यानेच कालवला. महिन्याभरात निषादचं पोट मऊ पडलं आणि एके सकाळी त्याने वाटीला अशी लाथ हाणली की भात थेट चिमणच्या डोक्यावर!

शाल्मली हसली, पण लगेच तिच्या कपाळाला आठी पडली. "पेशीला वेष्टन बनवायला शिकवता येणार नाही?"

"अजून कुणाला जमलं नाही."

"अजून म्हणे! इतकी वर्षं करताय काय?" तिने टेबलावर वही आपटली. "चल, सांग पहिल्यापासून."

"नीट सांग रे बाबा," आत्या म्हणाली. "पोरगी रागावली की करूनच दाखवते."