'हातोडा'तून काढलेली बातमी

पटो न पटो, हे माझ्या सख्ख्या मामांसोबत घडलंय. गेल्या वर्षीचा मार्च, गुरुवार, दुपारचे तीन. ठिकाण भोसरी एमआयडीसी.

गुरुवारी इथे कंपन्यांना सुट्टी. त्या दिवशी तर लाइटही नव्हती.

भिमाजीमामा 'हातोडा' नावाच्या दैनिकात छपाईच्या मशीनवर होते. सुरुवातीला हा पेपर कामगारांच्या संपाच्या बातम्या बेधडक छापायचा. मग मालक बबनराव निवडणुकीला उभे राहिले, कंपन्यांच्या जाहिराती आल्या आणि हातोड्याचा खुळखुळा झाला. लॉकडाउनमध्ये पेपर बंद पडला. मशीन भंगारात गेलं. भोसरीतल्या छपाईच्या हॉलची किल्ली तेवढी मामांकडे राहिली.

त्या दुपारी जयदीप नावाचा वर्कशॉपवाला हॉल भाड्याने घ्यायचा म्हणून बघायला आला होता.

मामांनी कुलूप काढलं आणि...

आत मशीन चालू होतं.

धडधड... धडधड...

"मामा, हॉल रिकामा आहे म्हणालात ना?"

मामांनी दार ढकललं.

आवाज थांबला.

आत काहीच नव्हतं. जमिनीतून वर आलेले चार गंजके बोल्ट. आणि त्यांच्या मधोमध... 'हातोडा'चा अंक. शाई ओली.

जयदीपने उचलून मोठ्याने वाचलं. "मशीनमध्ये सापडून कामगार कोंडीराम ठार." खाली चाकणच्या एका कंपनीचं नाव होतं.

मामांनी अंक त्याच्या हातातून ओढून घेतला.

बातमी बारा वर्षांपूर्वीची होती. पण ती कधी छापलीच गेली नव्हती. त्या संध्याकाळी बबनरावांचा फोन आला आणि मामांनी स्वतःच्या हाताने त्या बातमीची छपाईची प्लेट मशीनवरून उतरवली. त्या जागी त्याच कंपनीची पानभर जाहिरात गेली. कंपनीने कागदोपत्री दाखवलं, कोंडीराम त्या दिवशी कामावर आलाच नव्हता.

त्याची बायको केसरबाई पेपरच्या दारात येऊन विचारायची, "भाऊ, बातमी आली व्हती का तुमच्याकडं?"

मामा सांगायचे, "न्हाई आली."

सख्खे मामा आहेत, म्हणून लिहिताना लाज वाटते.

मामा अंक घेऊन तडक चाकणला तिच्या खोलीवर गेले. केसरबाईने तो उलटापालटा करून पाहिला.

"कोरा हाय की वो, भाऊ."

मामांना मात्र ओळ न् ओळ दिसत होती...

"ठिवा. भाकरीखाली घालाया व्हईल," म्हणून ती आत गेली.

मामांनी रस्त्यातूनच जयदीपला फोन लावला. "तुमी वाचलं व्हतं न्हवं? तेवढं तिला येऊन सांगा."



"वाचलं, मामा. पण मला यात ओढू नका. माझ्या सगळ्या ऑर्डरी त्याच कंपनीच्या आहेत."

मामांनी हे सांगितलं तेव्हा जयदीपला मी मनसोक्त शिव्या घातल्या.

पण कंपनीचं नाव मीही इथे टाकलेलं नाही. ते माझ्या गळ्यातल्या कार्डावर आहे.