आपण म्हणजे नेमकं कोण?

भर पावसात तो गृहस्थ तिच्या दुकानात शिरला आणि रुमालातून चष्म्याचे दोन तुकडे काढून त्यानं काउंटरवर ठेवले.

"आपण... जरा बघता का? मी त्यावर बसलो."

"बसायच्या आधी बघायला डोळ्यांवर चष्मा नव्हता ना!" ती हसली. उभी हयात तिनं लोकांच्या नाकावर चष्मे बसवण्यात घालवली होती, पण इतकं ओशाळलेलं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं.

बोलता बोलता कळलं, पैसे कुठे गुंतवावेत याचा सल्ला देणं हा त्याचा व्यवसाय. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. ही एकटीच, लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. भाची दुकान विकायच्या मागे लागली होती आणि हिला एकच धास्ती — दुकान गेलं, तर सकाळी उठायचं कशासाठी?

मग तो दर शनिवारी येऊ लागला. कधी दांडी सैल, कधी काच धूसर... निमित्तांना काय तोटा! येता-जाता तिच्या जमापुंजीची घडीही बसवून देई. थोडी मुदत ठेवीत, थोडी म्युच्युअल फंडात आणि उरलेली चक्क खर्चाला.

"खर्च? मला तो येतच नाही हो!"

"शिकवतो की. पैसे पुरून उरतील. माझं मत विचाराल तर... आपण यंदा निवृत्त व्हावं. आपण महिनाभर समुद्राकाठी राहावं. आपण —"

काच पुसता पुसता तिचा हात थांबला. हा पोस्टमनलासुद्धा 'आपण' म्हणतो, हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं विचारलंच.

"आपण म्हणजे... मी एकटी, की आपण दोघं?"

तो कानापर्यंत लाल झाला. "बोलायला सुरुवात केली तेव्हा आपण एकट्याच होतात. पण समुद्राकाठी पोचेपर्यंत... दोघं झालो."

त्यानं चष्मा काढून उगाच पुसला.

"आता सल्लागार दुसरा बघा," तो पुटपुटला. "माझ्या सल्ल्यात स्वार्थ शिरलाय."

ती खळखळून हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. इतक्या उशिरा असं सरळ मनाचं माणूस वाट्याला यावं! आभार मानावेत तरी कुणाचे?

"आणि सकाळी उठायचं कशासाठी?" तिनं विचारलं.

"चहा मी करतो. बेताचाच होतो... पण गरम मिळेल."

"साखर कमी हं," असं म्हणत तिनं भाचीला फोन लावला. "अगं, विकून टाकूया दुकान."

"खरंच? पण मावशी, नंतर तू एकटी करशील काय?"

"एकटी कुठे?" ती म्हणाली.